चौदावी फाइल

प्रभाकर तायडे कॉम्प्युटरसमोर बसले की आधी पंखा बंद करायला लावायचे. जळगावचा मे महिना असो, खोलीत पंधरा-वीस मुलं घामानं भिजलेली असोत, पंखा बंद. मग डाव्या हाताचा तळवा कॅबिनेटवर सपाट ठेवायचे, उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं घड्याळ डोळ्यांसमोर धरायचे आणि मला म्हणायचे, "करा मॅडम चालू. आता कोणी बोलू नका."

मी बटण दाबायची. पडद्यावर मेमरीचे आकडे पळायचे, थांबायचे आणि मग बराच वेळ काहीच व्हायचं नाही. त्या वेळात तायडे काय ऐकत असत ते आम्हाला कळत नसे. मुलं एकमेकांकडे बघून हसू दाबायची. शेवटी कॅबिनेटच्या पोटातून एक घरघर वर चढायची, टिकटिक व्हायची, पडदा उजळायचा. तायडे तळवा उचलायचे, खिशातली वही काढून आकडा लिहायचे. "अडतीस सेकंद. परवा एकतीस होते."

नव्वदच्या आसपासची गोष्ट. एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर चौधरी सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. मी तिथे टायपिंग आणि डेटाबेस शिकवत असे. तायडे मशीन सांभाळायचे. आमची सहाही मशीन जुनी, मुंबईच्या कुठल्याशा कंपनीनं वापरून काढून टाकलेली. त्यांच्या हार्ड डिस्क वीस-वीस एमबीच्या, विटेएवढ्या जड. सकाळी उठायला त्या वेळ घ्यायच्या, आणि वेळ घेता घेता एक दिवस उठायच्याच नाहीत. क्लासमध्ये जी मशीन, तीच तेव्हा खानदेशातल्या बहुतेक ऑफिसांत होती. त्यामुळे चौधरी सर तायड्यांना बाहेरच्या कामांवरही पाठवत. सावद्यापासून धुळ्यापर्यंत एस.टी.नं फिरणारा असा दुसरा माणूस तेव्हा नसावा. एक रेक्झिनची पिशवी, त्यात स्क्रूड्रायव्हर, मीटर, ब्रश, दोन-तीन फ्लॉपी आणि ती वही.

ते मूळचे वरणगावचे. आय.टी.आय. केलेले, आधी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. कॉम्प्युटर शिकायला ते कुठे गेले नव्हते. उघडून, बघून, इंग्रजी मॅन्युअल डिक्शनरी घेऊन वाचून शिकले. उंच, किडकिडीत, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. हसताना मी त्यांना फार कमी पाहिलं. "कॉम्प्युटर झोपलाय," असं कोणी गमतीनं म्हटलं तर त्यांना ते आवडत नसे. "झोपत नाही तो. त्याला बारा व्होल्ट मिळत नसतील, नाहीतर बेअरिंगमधलं वंगण आटलं असेल. उशीर कुठं होतोय ते आधी बघा. का होतोय ते मग."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभर वेळा तरी ऐकलं असेल. लोक सगळा दोष डिस्कला देत. तायडे आधी घड्याळ बघत. मशीन चालू केल्यावर डिस्क फिरायलाच उशीर करते, की फिरते आणि वाचायला उशीर करते, की वीजच कमी पडते, हे ते वेगळं काढत. थंडीत एखादी डिस्क वेळेत फिरली नाही की मशीन तिची वाट बघून सोडून द्यायचं आणि डिस्क सापडत नाही अशी ओळ टाकायचं. तोवर डिस्क मात्र फिरायला लागलेली असायची. तायडे मग तीन बटणं एकदम दाबून मशीन नुसतं पुन्हा सुरू करायचे, की काम व्हायचं. गिऱ्हाइकाला वाटायचं, या माणसानं काही केलंच नाही.

सावद्याला केळीच्या व्यापाऱ्यांच्या एका ऑफिसात मशीन रोज सकाळी दहा वाजता अडायचं आणि दुपारी नीट चालायचं. डिस्क दोनदा बदलून झाली होती. तायडे तिथे सलग चार दिवस सकाळी जाऊन बसले. चौथ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की शिपाई दहाला येतो, आल्या आल्या पाण्याची मोटर लावतो आणि त्याच वेळी साहेब कॉम्प्युटर चालू करतात. मोटर आणि मशीन एकाच लाइनवर. त्यांनी मशीन पलीकडच्या भिंतीला, दुसऱ्या लाइनवर लावून दिलं. पहिल्या झटक्यात सुरू झालं. पंधरा दिवसांनी तिथूनच पुन्हा फोन आला. तायडे जाऊन बघतात तर मशीन जुन्या जागी.

"साहेबांच्या टेबलाला उजेड लागतो," शिपाई म्हणाला.

तायडे परत येऊन मला एवढंच म्हणाले, "आता डिस्क खरंच गेली."

त्यांची पंचाईत अशी होती, की त्यांना आधी कळायचं आणि कळलं की ते बोलून टाकायचे. वहीतले सेकंद वाढत चालले की ते सरळ सांगत, "ही डिस्क महिनाभरात जाणार. जे हवं ते फ्लॉपीवर काढून ठेवा." चालू मशीनसमोर बसलेल्या माणसाला हे ऐकवत नाही. लोक म्हणायचे, "तायडे, शुभ बोला." चौधरी सरांकडे तक्रारी यायच्या. सरही वैतागायचे. "अहो, डॉक्टरसुद्धा तोंडावर असं सांगत नाही."

"सांगायला पाहिजे सर," तायडे म्हणायचे.

धुळ्याच्या एका शाळेत असंच झालं. ऑफिसातल्या क्लार्कनं दोन वर्षं खपून जुन्या-नव्या सगळ्या विद्यार्थ्यांची नावं, जन्मतारखा, दाखल्यांचे नंबर मशीनमध्ये घातले होते. तायड्यांनी सेकंद मोजले आणि कॉपी काढून ठेवा म्हणून सांगितलं. क्लार्क म्हणाला, बघू, परीक्षा झाल्यावर. तायड्यांनी पिशवीतली एक फ्लॉपी काढली, त्यावर सगळी यादी उतरवून घेतली, वर पेन्सिलीनं शाळेचं नाव लिहिलं आणि क्लार्कसमोर धरली. "कपाटात ठेवा." क्लार्कनं ती घेतली नाही. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे असते आणि ते रजेवर आहेत म्हणाला. तायड्यांनी फ्लॉपी पुन्हा पिशवीत टाकली.

त्याच हिवाळ्यात भदाणे नानांचं झालं.

नाना पारोळ्याचे निवृत्त मास्तर. सत्तरी ओलांडल्यावर आमच्या क्लासला टायपिंग शिकायला आले होते. पंधरा दिवस रोज एस.टी.नं यायचे, पोरांच्या रांगेत बसायचे. त्यांचा उजवा हात कापायचा. पेन धरलं की अक्षराच्या जागी नुसत्या रेघा उमटायच्या. नाशिकच्या मुलानं आपल्या ऑफिसातलं मोडीत निघालेलं मशीन त्यांना आणून दिलं होतं. पडद्यावर मराठी अक्षरं आणणारं देवनागरीचं कार्ड मी आणि तायड्यांनी बसवून दिलं.

"मना हात थरथरस," नाना मला म्हणाले होते, "पन बटनवर बोट बराबर पडस."

त्यांना अहिराणी शब्दांचा कोश करायचा होता. आयुष्यभर गोळा केलेले शब्द. त्यातले बरेच लिहिलेलेच नव्हते, त्यांच्या डोक्यात होते. मी त्यांना फाइली करायला शिकवलं. एका अक्षराची एक फाइल, आणि मशीनला मराठी नाव चालत नसल्यामुळे फाइलींना नुसते नंबर. एक म्हणजे अ, दोन म्हणजे आ. स्वरांच्या दहा फाइली, अकरावी क. मग ते पारोळ्याला गेले आणि साडेतीन वर्षं एका बोटानं टाइप करत बसले. त्यांच्याकडे प्रिंटर नव्हता. सगळं पुरं झालं की जळगावला आमच्याकडे छापायचं ठरलं होतं.

डिसेंबरात त्यांचं पोस्टकार्ड आलं. सुनेच्या अक्षरात. मशीन सुरू व्हायला फार वेळ लावतं, प्रभाकरभाऊंना पाठवा. तायडे गेले. मशीन सुरू व्हायला सव्वाचार मिनिटं लागली. इतका मोठा आकडा त्यांच्या वहीत तोवर नव्हता.

त्यांच्या पिशवीत त्या दिवशी दोनच फ्लॉपी होत्या. एक वाचली जाईना. दुसरी शाळेची.

हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं. ते ती फ्लॉपी हातात घेऊन बराच वेळ बसले. पुसली असती तर नानांच्या काही फाइली तिच्यावर आल्या असत्या. पण ती त्यांची नव्हती. शाळेच्या दोन वर्षांच्या कामाची ती एकच कॉपी होती आणि शाळेची डिस्कही जाणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी फ्लॉपी परत ठेवली. नानांना म्हणाले, "मी परवा नव्या फ्लॉपी घेऊन येतो. तोवर मशीन बंद करू नका. काहीही झालं तरी बंद करू नका. डिस्क फिरतेय तोवर फिरत राहील, थांबली तर पुन्हा उठेल याचा भरवसा नाही."

परवा त्यांना जाता आलं नाही. क्लासमध्ये नव्या बॅचचे प्रवेश चालू होते, पालकांना दाखवायला सहाही मशीन चालू हवीत म्हणून चौधरी सरांनी त्यांना सोडलं नाही. तायडे दोनदा विचारायला गेले. दुसऱ्या वेळी सर म्हणाले, "म्हाताऱ्याचा छंद आहे तो, तायडे. चार दिवसांनी काय फरक पडतो?" आमच्या कपाटात नव्या फ्लॉपींचं बंद खोकं होतं. पारोळा काही लांब नाही. एखाद्या सकाळी मी स्वतः जाऊन येऊ शकले असते. मनात आलंही होतं. गेले नाही.

चौथ्या दिवशी पारोळ्यात कुठेतरी तार तुटली आणि दुपारभर वीज नव्हती.

पाचव्या दिवशी आम्ही दोघं गेलो. मी सरांची परवानगी मागितली नाही. नाना ओसरीत शाल पांघरून बसले होते. मशीनवर त्यांनी एक गोधडी घातली होती. थंडीनं बिघडू नये म्हणून.

तायड्यांनी सगळं करून बघितलं. मशीन उन्हात ठेवलं. डिस्क बाहेर काढून तळहातांत धरून ऊब दिली. मनगटाला झटका देऊन ती फिरवली, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच ठोकली. प्रत्येक वेळी मी बटण दाबायची आणि ते तळवा ठेवून ऐकायचे. आतून एक बारीक आवाज यायचा. मोटर ओढ घ्यायची आणि अडकायची. दुपारी एकच्या सुमाराला ते म्हणाले, "नाना, आता उघडावी लागेल. एकदा उघडली की धूळ जाणार. मग ती काही मिनिटंच चालेल. चालली तर."

"कर भाऊ," नाना म्हणाले.

सुनेनं आतली खोली ओल्या फडक्यानं पुसली. खिडकी लावली. तायड्यांनी नाकाला रुमाल बांधला आणि डिस्कचं झाकण काढलं. आत आरशासारखी तबकडी होती. मी बटण दाबलं, त्यांनी मधल्या खुंटीला बोटानं गती दिली. तबकडी फिरायला लागली.

पडद्यावर फाइलींची यादी आली तेव्हा मी नानांकडे बघितलं. ते खाटेवर मांडी घालून बसले होते. मी फ्लॉपी घातली आणि कॉपीची आज्ञा दिली. एक, दोन, तीन. एकेक नंबर पडद्यावर येत होता. दहावी झाली, स्वर संपले. क झाला. ख झाला. ग झाला. चौदावा नंबर पडद्यावर आला आणि तिथेच थांबला. तबकडीतून कागद फाटावा तसा आवाज आला. तायड्यांनी एकदम वीज बंद केली. पुन्हा चालू केली, पुन्हा बोटानं गती दिली. तबकडीवर एक गोल ओरखडा उमटला होता. सगळ्यांना दिसत होता.

सगळं गेलं का म्हणून नानांनी विचारलं, "बठ्ठं गयं का?"

"ग पर्यंत आलंय, नाना," तायडे म्हणाले.

नानांनी शाल सारखी केली. मग म्हणाले, "ग लगून उरनं ना. मंग चालस. मी परत लिखसू."

सुनेनं चहा आणला. चहा पिताना नाना माझ्याशी बोलत होते, सहज, काही विशेष नाही अशा आवाजात. शेवटची अठ्ठेचाळिसावी फाइल अक्षराची नव्हती म्हणाले. "त्यामा मनी मायना शब्द व्हतात." आईच्या तोंडचे, नंतर कोणाकडूनच न ऐकलेले, कोणत्या अक्षरात घालावे ते न कळलेले शब्द त्यांनी वेगळे ठेवले होते.

तायड्यांनी हातातली बशी खाली ठेवली. जळगावला एस.टी.तून उतरताना म्हणाले, "मॅडम, मी विचारलंच नाही. कोणती फाइल आधी काढू, एवढं विचारायला पाहिजे होतं."

"तेव्हा कोणाला सुचलं असतं, तायडेभाऊ?"

"मला सुचायला पाहिजे होतं. काही मिनिटंच चालेल, हे मीच म्हटलं होतं."

पुढच्याच महिन्यात धुळ्याच्या शाळेची डिस्क गेली. तायडे स्वतःहून फ्लॉपी घेऊन गेले. सगळी नावं, सगळ्या तारखा, एकही ओळ कमी नाही. मुख्याध्यापकांसमोर क्लार्क म्हणाला, "हे आले होते तेव्हाच काहीतरी करून गेले असणार. नाहीतर यांच्याकडे आपली यादी कशी?" मुख्याध्यापकांनी फ्लॉपी ठेवून घेतली आणि चौधरी सरांना पत्र लिहिलं, की यापुढे या माणसाला पाठवू नये.

मी सरांशी भांडले. तायडे भांडले नाहीत. "यादी वाचली ना," एवढंच म्हणाले. पण त्या दिवसापासून ते गिऱ्हाइकाला काही सांगेनासे झाले. सेकंद मोजायचे, वहीत लिहायचे, गप्प राहायचे. लोकांना आवडायला लागले. सरसुद्धा म्हणाले, तायडे सुधारले.

नानांची डिस्क त्यांनी मागून घेतली होती. दर रविवारी ते क्लासवर येऊन तिच्याशी खटपट करत. दुसऱ्या डिस्कची, तबकडी वाचणारी मुंडी काढून बसवून बघ, दुसरं सर्किट जोडून बघ. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांना त्यांनी पत्रं लिहिली. मी इंग्रजी तपासून द्यायची. एका ठिकाणाहून उत्तर आलं, की कृपया नवीन डिस्क घ्यावी. त्या ओरखड्याखाली काही उरलेलं नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तरी ते दीड वर्ष येत राहिले.

नानांनी चौदावी, घ ची फाइल पुन्हा सुरू केली होती. आम्ही त्यांना दुसरं मशीन नेऊन दिलं होतं आणि तायडे दर महिन्याला जाऊन फ्लॉपी काढून आणायचे. पहिल्या महिन्यात साठ-सत्तर शब्द होते. दुसऱ्या महिन्यात तीस. मग एकदा ते फ्लॉपी घेऊन आले, मी लावून बघितली, तर काहीच वाढलेलं नव्हतं. "शब्द येतात म्हणे," तायड्यांनी सांगितलं, "पण आधी लिहिलेत की नाहीत ते आठवत नाही. मग ते तसेच बसून राहतात."

त्या उन्हाळ्यात नाना गेले. तायड्यांनी मला अ ते ग आणि घ चे जमले तेवढे शब्द छापून द्यायला सांगितलं. त्यांनी स्वतः दाभणानं पानं शिवली, वर जाड पुठ्ठा लावला आणि दहाव्याला पारोळ्याला नेऊन नानांच्या मुलाच्या हातात दिली. मुलानं दोन-चार पानं चाळली. भला माणूस होता. त्यानं विचारलं, "हे एवढंच का?"

तायडे हो म्हणाले.

नंतर नवी मशीन आली. बटण दाबलं की दहा-बारा सेकंदांत सुरू व्हायची, आणि डिस्क बिघडली तर कोणी ती दुरुस्त करत नसे, दुसरी बसवत. चौधरी सरांनी एका कंपनीशी करार केला. त्यांचे टाय लावलेले इंजिनिअर यायला लागले. तायड्यांना सरांनी काढलं असं म्हणता येणार नाही. नुसतं काम उरलं नाही. एका सोमवारी ते आले, ड्रॉवर मोकळा केला, मला आणि शिपायाला नमस्कार केला आणि गेले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी एका लग्नासाठी मी वरणगावला गेले होते. वेळ होता म्हणून विचारत विचारत त्यांच्या घरी पोचले. पत्र्याचं छप्पर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि ओसरीभर शेतीपंपांच्या मोटरी. ते आता मोटरींचं वायंडिंग करायचे. तांब्याची तार हातानं गुंडाळत बसले होते. मला बघून उठले, हात पुसले. त्यांच्या बायकोनं, शोभाताईंनी, पोहे केले. मी क्लासचं सांगितलं. आता तीस मशीन आहेत, इंटरनेटही येणार आहे. "चांगलं झालं," ते म्हणाले.

"कॉम्प्युटरचं काम इथे काढता आलं असतं तुम्हाला. लोक घ्यायला लागलेत."

"नको मॅडम. मोटर जळली की जळली. तार काढायची, नवी भरायची. तिच्यात कोणाचं काही लिहिलेलं नसतं."

ते आत पाणी आणायला गेले तेव्हा शोभाताई हळूच म्हणाल्या, "ताई, ह्यायले तुम्हीच सांगा. बोलत नाहीत कोनाशी. मी विचारलं तं म्हन्तात, काय बोलू?" मी सांगते म्हटलं. पण ते पाणी घेऊन आले आणि मी तांब्याच्या तारेचा भाव विचारला.

एक मोटर पोचवायची होती म्हणून ते माझ्याबरोबर स्टँडपर्यंत आले. सायकलच्या कॅरिअरवर मोटर सुतळीनं बांधलेली. तिच्या भारानं पुढचं चाक सारखं उचललं जात होतं, म्हणून ते एका हातानं हँडल दाबून आणि एका हातानं मोटर धरून चालत होते. रस्ताभर आम्ही पावसापाण्याचंच बोललो. एस.टी. लागलेलीच होती. मी खिडकीशी बसले आणि हात हलवला. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते. त्यांनी नुसती मान हलवली आणि गाडी सुटायच्या आधीच ते वळले. स्टँडबाहेरचा चढ लागला तसे ते सायकलवर वाकले आणि ती ढकलत ढकलत रसवंतीच्या मागे दिसेनासे झाले.